एकशे आठ वर्षांची वाट

शिकागोचे नाव निघाले की आपल्याकडील सुशिक्षित माणसाला १८९३ सालची सर्वधर्म परिषद आठवते. ज्या इमारतीत स्वामी विवेकानंदांनी ते सुप्रसिद्ध भाषण केले ती कलासंग्रहालयाची इमारत आजही मिशिगन सरोवराजवळ उभी आहे, आणि त्या शहरात गेलेला भारतीय प्रवासी पहिल्या दोन-तीन दिवसांतच तिचे दर्शन घेऊन येतो. मीही घेतले. परंतु २०१६ च्या शरद ऋतूत कामानिमित्त शिकागोत माझे नऊ आठवडे वास्तव्य झाले, त्यातून माझ्या मनात कायमचे राहून गेलेले स्थळ मात्र ते नव्हे. ते आहे शहराच्या उत्तर भागातील एक जुने क्रीडांगण. आणि अधिक नेमके सांगायचे तर त्या क्रीडांगणाची बाहेरच्या अंगाची विटांची भिंत.

माझी राहण्याची सोय एका निवृत्त शिक्षिकेच्या घरी झाली होती. वय एक्याऐंशी, अंगकाठी किरकोळ, आवाज मात्र वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. त्यांना मी मनातल्या मनात ‘आजीबाई’च म्हणू लागले, म्हणून येथेही तसेच म्हणते. पहिल्या संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर त्यांनी मला माझ्या देशाविषयी एकच प्रश्न विचारला. “तुमच्याकडे क्रिकेट खेळतात ना? मग तुम्हांला सांगणे सोपे जाईल.” आणि त्यांनी मीठदाणी, मिरपूडदाणी, लोण्याची बशी व माझा चहाचा पेला चार कोपऱ्यांवर मांडून बेसबॉल समजावून देण्यास प्रारंभ केला.

हा खेळ आपल्या क्रिकेटचा दूरचा चुलतभाऊ शोभेल असा आहे. येथे चेंडूचा टप्पा पडत नाही. तो फेकणाऱ्याच्या हातून सुटला की थेट फलंदाजाकडे येतो. फळीऐवजी गोल दांडू. फलंदाजाने चेंडू टोलवून चार तळांना क्रमाने शिवत मूळ जागी परतायचे, की एक धाव. चेंडू सरळ प्रेक्षकांत भिरकावला तर त्याचे नाव ‘होम रन’. तीन गडी बाद झाले की दुसऱ्या बाजूने फलंदाजीला यायचे, आणि असे नऊ डाव. सारा सामना तीन तासांच्या आसपास आटोपतो. तथापि खेळाच्या नियमांहून मला नवल वाटले ते मोसमाचे. एप्रिलच्या आरंभापासून ऑक्टोबर उजाडेपर्यंत प्रत्येक संघ १६२ सामने खेळतो. म्हणजे जवळजवळ रोज एक. त्यामुळे आपल्या संघाचे बरेवाईट हा तेथील घरांत सणावाराचा नव्हे, तर नित्याचा विषय असतो. दुधाचा हिशेब लिहावा, तशी आजीबाई रोज रात्री सामन्याची नोंद लिहीत.

त्यांचा संघ ‘शिकागो कब्स’. कब म्हणजे अस्वलाचे पिल्लू. या पिल्लांनी जगज्जेतेपद शेवटचे मिळविले होते १९०८ साली. अमेरिकेच्या कोणत्याही मोठ्या व्यावसायिक संघाने इतकी दीर्घ प्रतीक्षा केलेली नव्हती. आजीबाईंनी कपाटातून एक चेंडू काढून माझ्या हाती दिला. पांढऱ्या कातड्यावर तांबड्या दोऱ्याची शिवण. “दुहेरी टाके किती असतात ठाऊक आहे? १०८. आणि आम्हांला वाट पाहून वर्षे किती झाली, मोजा.” मी मोजली, आणि आमच्या जपमाळेतही मणी १०८ असतात, हे त्यांना सांगितले. त्यांना झालेला आनंद काय वर्णावा! पुढच्या रविवारी देवळातल्या साऱ्या मैत्रिणींना त्यांनी ही वार्ता सांगितली. त्यांतल्या दोघींनी मला भेटून, ती माळ आता पुरी होणार की नव्याने सुरू होणार, अशी गंभीरपणे पृच्छा केली. मजजवळ अर्थातच उत्तर नव्हते.

सप्टेंबरच्या मध्यास एका शुक्रवारी दुपारी आजीबाई मला सामन्याला घेऊन गेल्या. ॲडिसन स्थानकात उन्नत रेल्वेतून उतरले की उजव्या-डाव्या हाताला साधी राहती घरे दिसतात. आणि मग त्या घरांच्या मधोमध, एखाद्या गावात देऊळ असावे तसे, एकदम हे क्रीडांगण समोर येते. त्याचे नाव ‘रिग्ली फील्ड’. १९१४ साली ते बांधले गेले, १९१६ पासून कब्स तेथे खेळू लागले, आणि च्युइंग गमच्या व्यापारात गबर झालेल्या रिग्ली कुटुंबाचे नाव त्याला १९२६ पासून लागले. मैदानाच्या आतील विटांच्या भिंतीवर १९३७ साली वेली लावण्यात आल्या. त्या उन्हाळ्यात इतक्या दाट होतात की चेंडू पानांत अडकून दिसेनासा झाला तर फलंदाजाला दोन तळ बहाल करावेत असा तेथे नियमच आहे. त्याच सुमाराचा गुणफलक अजून माणसे हाताने चालवितात. आकड्यांचे पत्रे आतून बदलले जाताना पाहणे हा एक स्वतंत्र विरंगुळा आहे. रात्रीच्या सामन्यांसाठी दिवे आले ते थेट १९८८ साली. त्याआधी सात दशके येथे खेळ केवळ सूर्यप्रकाशात होई, आणि त्याचमुळे, आजीबाई म्हणाल्या, गृहिणी व शाळकरी मुले ही या संघाची खरी प्रजा. एके काळी ठराविक दिवशी स्त्रियांना विनामूल्य प्रवेश असे. आजीबाईंच्या आई या क्रीडांगणात प्रथम आल्या त्या अशाच एका दिवशी, घरी शिवणकामाचा ढीग तसाच टाकून.

त्या दिवशी मिलवॉकीच्या संघाशी सामना होता. गटातील पहिले स्थान आदल्या रात्रीच निश्चित झालेले असल्याने लोक निर्धास्त होते. दहाव्या डावापर्यंत लांबलेला तो सामना कब्सनी ५-४ असा जिंकला आणि गुणफलकावरील काठीवर पांढरे निशाण चढले. त्यावर निळ्या रंगात विजयाचे इंग्रजी आद्याक्षर असते. पराभव झाल्यास निळे निशाण लावतात. कामावरून घरी परतणाऱ्यांना आगगाडीच्या खिडकीतूनच निकाल कळावा, अशी ही जुनी योजना. हजारो लोक उठून गाऊ लागले. आजीबाई मात्र मान खाली घालून वहीत अखेरची खूण करीत होत्या.

ही वही हा या हकिगतीचा गाभा असल्याने तिच्याविषयी थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे. बेसबॉलमध्ये क्षेत्ररक्षणाच्या नऊ जागांना नऊ आकडे आहेत: चेंडू फेकणारा १, त्याच्या समोर झेलणारा २, पहिल्या तळावरचा ३, तिसऱ्या तळावरचा ५, याप्रमाणे. तिसऱ्या तळावरच्या गड्याने चेंडू उचलून पहिल्या तळाकडे फेकला आणि धावणारा बाद झाला, तर वहीत लिहायचे ‘५-३’. या सांकेतिक लिपीत अख्खा सामना एका पानावर मावतो, आणि जाणकाराला चाळीस वर्षांनीही ते पान वाचून तो चेंडूगणिक डोळ्यांपुढे उभा करता येतो. आजीबाईंच्या आई ही विद्या शिकल्या आणि १९३७ पासून प्रत्येक मोसमाची वेगळी वही ठेवू लागल्या. माळ्यावरील एका पत्र्याच्या पेटीत त्या साऱ्या वह्या होत्या. आजीबाईंनी मला त्या दाखविल्या तेव्हा माझ्या ध्यानात आले की प्रत्येक वहीचे शेवटचे पान कोरे आहे. ते कोरे राहिलेले नव्हते, कोरे ठेवलेले होते. ज्या सामन्याने जगज्जेतेपद मिळेल त्या सामन्यासाठी आईने ती जागा राखून ठेवण्याचा प्रघात घातला होता, आणि मुलीनेही तो पुढे चालविला होता.

आई जन्मली १९०९ साली, विजयानंतर अवघ्या वर्षाने. १९४५ मध्ये कब्स अंतिम मालिकेत पोचले तेव्हा आजीबाई दहा वर्षांच्या होत्या. मायलेकींनी ती मालिका रेडिओवर ऐकली, आणि सातव्या सामन्यात डेट्रॉइटने घात केला. त्याच मालिकेत एका खानावळवाल्याला त्याच्या बोकडासह क्रीडांगणातून घालवून दिले गेले व त्याने संघाला शाप दिला अशी आख्यायिका आहे. आजीबाईंना या बोकडाचा मनस्वी तिटकारा होता. “पराभव माणसे करतात, आणि दोष जनावराला!” असे त्या म्हणत. १९६९ साली साऱ्या उन्हाळाभर आघाडीवर असलेला संघ सप्टेंबरात कोसळला. १९८४ साली तीनपैकी एक सामना जिंकायचा होता, तिन्ही गेले. त्या साऱ्या काळात प्रत्येक शरदात चाहते एकच वाक्य उच्चारीत आले: पुढच्या वर्षी. विसर्जनाच्या घाटावर आपण गणपतीला घालतो ती साद मला त्या वेळी आठवल्यावाचून राहिली नाही. फरक इतकाच की आपला गणपती दर वर्षी येतो.

आणि मग २००३. अंतिम मालिकेत जाण्यास केवळ पाच गडी बाद करावयाचे उरले असता, ३-० अशी आघाडी असता, एका प्रेक्षकाने स्वाभाविकपणे वर हात केला, चेंडू खेळाडूच्या हाती लागला नाही, आणि त्यानंतर प्रतिपक्षाने त्या एकाच डावात आठ धावा काढल्या. त्या बिचाऱ्या प्रेक्षकाला पहाऱ्यातून बाहेर न्यावे लागले. चौऱ्याण्णव वर्षांची आई त्या रात्री दूरचित्रवाणीसमोर बसून लिहीत होती. तिने पेन्सिल ठेवली आणि इतकेच म्हटले, की त्या पोराला कोणीतरी नीट घरी पोचवा, त्याची आई काळजीत असेल. पुढच्या वसंतात ती निवर्तली. २००३ ची वही ही तिची अखेरची. अक्षर कापरे, रेघा तिरप्या, आणि शेवटचे पान कोरे.

मला आरंभी हे सारे थोडे पोरकट वाटले होते, हे कबूल करते. पगारी खेळाडूंच्या एका संघासाठी, ज्यांच्यातील निम्मे दोन वर्षांत दुसऱ्या शहरी निघून जातात, माणसाने आयुष्य असे पणाला लावावे, हे मनाला पटेना. पण मग आपल्याकडच्या वारीचा विचार मनात आला. पंढरीची वारी घराण्यात चालत आलेली असते. बापाचे पाय थकले की मुलगा निघतो, आणि तो स्वतःसाठी चालतो की बापासाठी, हे त्यालाही सांगता येत नाही. आजीबाईंचे लिहिणे मला त्या जातीचे वाटू लागले.

त्यांच्या संसाराचीही एक मौज सांगण्याजोगी आहे. शिकागोत दोन संघ आहेत आणि त्यांचे यजमान दक्षिणेकडील ‘व्हाइट सॉक्स’चे कट्टर अभिमानी होते. घरात चूल एक पण रेडिओ दोन, असा करार लग्नाच्या वेळीच झाला होता. २००५ साली व्हाइट सॉक्सनी ८८ वर्षांनंतर जगज्जेतेपद मिळविले तेव्हा आजीबाईंनी यजमानांसाठी केक केला, तो सुरेख सजविला, आणि स्वतः त्याचा तुकडाही तोंडात घातला नाही. “मधुमेह होता मला,” असे त्या म्हणाल्या, आणि क्षणभराने, “त्या दिवसापुरता.”

२०१६ चा मोसम मी अर्ध्याहून अधिक त्यांच्या वहीतूनच वाचला. पहिल्या ३१ सामन्यांत २५ विजय. जूनच्या उत्तरार्धात व जुलैच्या आरंभी मात्र पराभवांची अशी रांग लागली की त्या पानांवर आजीबाईंनी पेन्सिल दाबून दाबून कागद फाडला होता. ऑगस्टपासून पुन्हा भरभराट. मोसमाअखेर १०३ विजय, साऱ्या देशात सर्वाधिक. याचा परिणाम आजीबाईंवर उलटा झाला. संघ जसजसा जिंकू लागला तसतशी त्यांची झोप उडाली. हरण्याची त्यांना सवय होती. जिंकण्याची भीती वाटे. ऑक्टोबरात बाद फेरीचे सामने सुरू झाल्यावर घरात अनेक नियम जारी झाले. दूरचित्रवाणी चालू, पण तिचा आवाज बंद, वर्णन रेडिओवरचे. निळा स्वेटर धुवायचा नाही. एका सामन्यात मी योगायोगाने जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसले असता दोन धावा निघाल्या, तेव्हापासून माझी जागा तीच ठरली. क्रिकेटच्या सामन्यात ‘कोणी जागेवरून हलू नका’ असा दम देणारे काका-मामा ज्यांच्या घरी आहेत त्यांना हे निराळे समजावून सांगायला नको.

२२ ऑक्टोबरला लॉस एंजेलिसच्या संघाला ५-० असे नमवून कब्स १९४५ नंतर प्रथमच अंतिम मालिकेत गेले. प्रतिपक्ष क्लीव्हलंडचा, आणि तेही काही सुखात नव्हते. त्यांनी १९४८ नंतर विजेतेपद पाहिले नव्हते. तिकिटे हातोहात विकताना हजारो डॉलरांच्या भावाने गेली. ज्यांनी हयातभर स्वस्त बाकांवर ऊन खात वाट पाहिली, त्यांतील असंख्य जण त्या रात्री भिंतीबाहेर होते. २८ तारखेला, एकाहत्तर वर्षांनी रिग्ली फील्डवर झालेल्या त्या पहिल्या सामन्याच्या वेळी, मी व आजीबाई वेव्हलँड मार्गावर अर्धा तास उभ्या राहिलो. आतला जयघोष ऐकू येई, दिसत काहीच नसे. “आवाजावरून कळते मला,” त्या म्हणाल्या. कब्स तो सामना ०-१ असा हरले. दुसऱ्या दिवशीचाही हरले. चारांपैकी तीन पराभव. आता तीन सामने सलग जिंकायला हवे होते. आजीबाईंनी शांतपणे स्वेटर धुवायला टाकला.

पाचवा सामना ३-२ असा जिंकला गेला. क्लीव्हलंडला जाऊन सहावा ९-३ असा जिंकला गेला. २ नोव्हेंबरच्या संध्याकाळी आजीबाई माळ्यावर गेल्या आणि खाली आल्या तेव्हा त्यांच्या हाती त्यांची स्वतःची वही नव्हती. आईची २००३ ची होती. त्यांनी शेवटचे कोरे पान उघडले, पेन्सिलीला टोक काढले, आणि मी पायरीवर जाऊन बसले.

त्या रात्रीचा सामना बेसबॉलच्या इतिहासातील अत्यंत थरारक सामन्यांत गणला जातो. पहिल्याच फलंदाजाने होम रन मारला. आठव्या डावात ६-३ अशी आघाडी होती आणि केवळ चार गडी बाद करावयाचे उरले होते. तेथून क्लीव्हलंडने एक धाव काढली, आणि मग राजाय डेव्हिस नामक खेळाडूने चेंडू डाव्या कोपऱ्यात प्रेक्षकांत भिरकावला. ६-६. आजीबाईंनी पेन्सिल खाली ठेवली. नववा डाव त्यांनी लिहिला नाही. पुढे तो मी तोंडी सांगितला आणि त्यांनी भरून घेतला. नऊ डाव संपले आणि पाऊस आला. मैदानावर ताडपत्री पसरण्यात आली, खेळ थांबला. मी चहा केला. त्यांनी पेल्याला हात लावला नाही. “मी ही वही काढायला नको होती,” त्या म्हणाल्या. “तिची जागा होती ती. मी मध्येच हात घातला.”

काय बोलावे ते मला सुचेना. चहावर साय धरली. सतरा मिनिटांनी खेळ पुन्हा सुरू झाला. दहाव्या डावात बेन झोब्रिस्टने डाव्या रेषेलगत चेंडू मारून एक धाव मिळविली, त्यामागून आणखी एक आली, ८-६. क्लीव्हलंडने दोन गडी गेल्यावरही एक धाव परत काढली. ८-७. मग एक साधा, हळू चेंडू तिसऱ्या तळाच्या रोखाने घरंगळत आला. क्रिस ब्रायंट पुढे धावला, ओल्या गवतावर त्याचा पाय किंचित घसरला, पण त्याने चेंडू उचलून पहिल्या तळावरच्या अँथनी रिझोकडे फेकला. चेंडू हातून सुटण्याआधीच तो हसत होता. शिकागोत मध्यरात्रीला काही मिनिटे उरली होती.

बाहेर एकाएकी मोटारींचे भोंगे, थाळ्यांचे आवाज, रडणे, ओरडणे यांचा कल्लोळ उठला. आजीबाईंनी पेन्सिल उचलली आणि अखेरच्या चौकोनात लिहिले: ५-३. त्याखाली तारीख घातली. मग त्या बराच वेळ वहीवर हात ठेवून बसल्या, आणि मला वाटले होते त्याप्रमाणे हसल्याही नाहीत की रडल्याही नाहीत. “आता उद्यापासून मी काय करू?” असे त्यांनी विचारले, आणि ते विनोदाने नव्हे.

४ नोव्हेंबरला मिरवणूक निघाली; सुमारे पन्नास लाख लोक रस्त्यांवर होते असा नगरपालिकेचा अंदाज होता. शिकागो नदीचे पाणी निळे रंगविले होते. आजीबाई गर्दीत गेल्या नाहीत. त्याऐवजी दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला रिग्ली फील्डच्या वेव्हलँड व शेफील्ड मार्गांच्या बाजूच्या भिंतींकडे नेले.

अंतिम मालिकेच्या त्या दिवसांत लोकांनी या भिंतींवर खडूने नावे लिहावयास आरंभ केला होता. विजयानंतर विटेवर वीट मोकळी राहिली नव्हती. खेळाडूंची नावे थोडी. बहुतेक नावे मृतांची. वडील, आजोबा, आत्या, शेजारी, युद्धावर गेलेला भाऊ. कोणी जन्म-मृत्यूची साले घातलेली, कोणी नुसते ‘बाबा, जिंकलो’ एवढेच. हात पोचतो तेथवरची जागा संपल्यावर लोकांनी शिड्या आणल्या होत्या, एकमेकांच्या खांद्यांवर चढून वर लिहिले होते. गर्दी पुष्कळ, पण बोलणे हलक्या आवाजात. रस्ता ओलांडताना अनोळखी माणसे एकमेकांना खडू देत होती. मी वर्तमानपत्रात वाचले होते की एक मुलगा परराज्यात वडिलांच्या थडग्यापाशी खुर्ची टाकून बसला आणि शेवटचा सामना त्याने तेथेच रेडिओवर ऐकला. भिंतीपुढे उभे राहिल्यावर ती बातमी मला नवलाची वाटेनाशी झाली.

आजीबाईंनी जागा शोधायला बराच वेळ घेतला. एका तरुणाने शिडी देऊ केली. त्यांनी मान हलविली. “आई उंचीने माझ्याहून बुटकी होती,” त्या म्हणाल्या, “तिला वाचता यायला हवे.” अखेर गुडघ्याच्या उंचीवर एक वीट अर्धी रिकामी सापडली. त्या त्या मुलाच्या खांद्याचा आधार घेऊन खाली बसल्या, निळ्या खडूने आईचे नाव लिहिले, १९०९ लिहिले, पुढे आडवी रेघ ओढली, आणि मृत्यूचे साल न लिहिता तेथे ५-३ लिहिले.

शेजारी आपल्या आजोबांचे नाव लिहीत असलेल्या एका लहान मुलीने ते वाचले. “तिसऱ्याकडून पहिल्याकडे,” ती आपल्या वडिलांना म्हणाली. आजीबाईंनी उरलेला खडू तिच्या हातावर ठेवला, आणि आम्ही दोघी ॲडिसन स्थानकाकडे निघालो.